खडीखालची जाळी: सबस्टेशन वाढवताना अर्थिंगचा हिशोब पुन्हा का मांडायचा

पावसाळा लागला की जिल्ह्याच्या पानावर एक बातमी हटकून येते: विजेच्या खांबाजवळ चरणारी म्हैस शॉक लागून दगावली. तिच्या मागे चार पावलांवर असलेला गुराखी मात्र वाचतो. तार तुटून अंगावर पडलेली नसते, खांबाला कुणी शिवलेलंही नसतं. मग पारावर कुणीतरी म्हणतं, म्हशीच्या पायात चप्पल नव्हती ना! थट्टाच ती, पण त्यात अर्धं उत्तर आहे.

उरलेलं अर्धं असं. खांबावरचा इन्सुलेटर फुटला की प्रवाह खांबातून जमिनीत उतरतो आणि चहूकडे पसरतो. माती त्याला अडवते, म्हणून खांबाच्या बुडाशी व्होल्टेज सर्वांत जास्त असतं आणि लांब जावं तसं ते उतरत जातं, टेकडीच्या उतारासारखं. म्हशीचे पुढचे पाय या उतारावर वर आणि मागचे दीड मीटर खाली. दोन्हींमधल्या व्होल्टेजच्या फरकामुळे प्रवाह पुढच्या पायांतून चढतो, छातीतून जातो आणि मागच्या पायांतून उतरतो. माणसाची पावलं त्यामानाने जवळजवळ पडतात, आणि एका पायातून दुसऱ्या पायात जाणारा प्रवाह हृदयाच्या वाटेला फारसा जात नाही.

सबस्टेशनच्या यार्डात हाच खेळ चालतो, फक्त तिथे आकडे हजारो अँपिअरचे असतात. यार्डात पसरलेली खडी तुम्ही रस्त्यावरून जाता-येता पाहिली असेल. त्या खडीखाली, साधारण दोन फुटांवर, लोखंडी सळ्यांची किंवा पट्ट्यांची चौकटी-चौकटीची जाळी पुरलेली असते. हिला अर्थ मॅट म्हणतात. यार्डातला प्रत्येक खांब, ट्रान्सफॉर्मरची टाकी, बिघाड होताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरचं स्ट्रक्चर, कंट्रोल पॅनेल हे सगळं जमिनीतून वर आलेल्या पट्ट्यांनी, म्हणजे रायझरनी, तिला बांधलेलं असतं.

आता सबस्टेशन वाढवायचं ठरतं. एक नवा ट्रान्सफॉर्मर, दोन-तीन नवे बे (एकेका लाइनच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीचे कप्पे), शेजारच्या पडीक जागेत कुंपण सरकवून. अर्थिंगचं काय करायचं, असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: जुन्यासारखीच जाळी नव्या जागेत टाका आणि चार ठिकाणी जुन्याला वेल्ड करा. ड्रॉइंगवर ते शोभूनही दिसतं. पण जोडल्या क्षणी नवी आणि जुनी अशा दोन मॅट उरत नाहीत. एकच मॅट होते, आणि ती पूर्वीपेक्षा वेगळ्या प्रवाहाला तोंड देणार असते. म्हणून हिशोब फक्त नव्या तुकड्याचा करून भागत नाही, सगळ्या यार्डाचा करावा लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते का, हे खाली उलगडून सांगतो.

वीज जमिनीत जिरत नाही

‘अर्थिंग केलं की वीज जमिनीत जिरते’ हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलंय की आयटीआयपासून इंजिनिअरिंगपर्यंत ते कुणी खोडून काढत नाही. पाणी जिरतं, वीज जिरत नाही. प्रवाह जिथून निघाला तिथे परत जातो, आणि परतीसाठी मिळेल त्या वाटा घेतो. ‘तिथे’ म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा किंवा जनित्राचा न्यूट्रल, त्याच्या तिन्ही वेटोळ्यांची टोकं जिथे एकत्र येतात तो बिंदू.

एवढं लक्षात आलं की पुढचं बरंच सोपं होतं. १३२/३३ केव्हीचं सबस्टेशन घ्या. यार्डातच ३३ केव्हीच्या बसवर, म्हणजे सगळे बे जिला जोडलेले असतात त्या सामायिक तारेवर, फॉल्ट (बिघाड) झाला, समजा एखादा इन्सुलेटर फुटून बस स्ट्रक्चरला टेकली. हा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून निघाला, स्ट्रक्चरमधून मॅटमध्ये उतरला आणि मॅटच्या लोखंडातूनच त्याच ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला परत गेला. मातीत जायचं त्याला कारणच नाही, घरातल्या घरातच फेरा पूर्ण झाला. प्रवाह प्रचंड, पण यार्डाची जमीन जवळपास जागच्या जागी राहते.

हाच फॉल्ट दोन किलोमीटरवर उसाच्या फडात झाला तर? तिथे प्रवाह मातीत उतरतो आणि न्यूट्रलकडे परतताना यार्डाच्या आसपासच्या मातीतून मॅटमध्ये शिरतो. किंवा यार्डातच १३२ केव्हीच्या बाजूला फॉल्ट झाला आणि त्याला पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या सबस्टेशनांतून प्रवाह मिळाला, तर तो प्रवाह आपल्या मॅटमधून बाहेर मातीत पडून त्यांच्याकडे परत निघतो. या दोन्ही वेळी मातीतून जाणाऱ्या अँपिअरना मॅटच्या रोधाने गुणायचं. जो आकडा येतो तितक्या व्होल्टने सगळं यार्ड, खडीपासून गेटपर्यंत, दूरच्या जमिनीच्या तुलनेत वर उचललं जातं. सेकंदाच्या एखाद्या अंशापुरतं, पण उचललं जातं.

सगळाच परतीचा प्रवाह मातीतून जात नाही. मनोऱ्यांच्या शेंड्यावरून जाणारी जी अर्थ वायर असते, आकाशातल्या विजेपासून लाइनला वाचवणारी, ती यार्डाच्या मॅटला जोडलेली असते. बराच प्रवाह तिच्यातून आणि प्रत्येक मनोऱ्याच्या पायातून परत जातो. म्हणून विस्ताराचा परिणाम एकाच दिशेने होत नाही. नवी लाइन आली की तिच्यासोबत लांबून येणारा फॉल्टचा प्रवाह वाढतो, आणि परतीची नवी वाटही मिळते. नवा ट्रान्सफॉर्मर आला की एकूण फॉल्टचा प्रवाह वाढतो, पण त्याचा बराचसा भाग घरातल्या घरात फिरणारा असू शकतो. सौर प्रकल्प जोडला तर आणखी वेगळं. महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाल्यापासून ३३/११ केव्ही सबस्टेशनांच्या आसपास सौर पॅनेलची शेतं दिसू लागली आहेत. त्यांचे इन्व्हर्टर फॉल्टच्या वेळी आपल्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा फार जास्त देऊच शकत नाहीत. तेव्हा ‘मेगावॉट वाढले म्हणजे फॉल्ट त्याच पटीत वाढला’ असं धरणंही चूक.

गंमत अशी की डिझाइनच्या कागदावर बहुतेकदा एकच आकडा येतो, ब्रेकरच्या पाटीवरचा: ४० किलोअँपिअर. तो आकडा सगळीकडे वापरला की एका ठिकाणी उगाच खर्च होतो आणि दुसऱ्या ठिकाणी प्रश्नच विचारला जात नाही. लोखंड किती जाड हवं, हे ठरवताना एकूण फॉल्टचा प्रवाह घ्यायचा. जमीन किती उचलली जाईल, हे ठरवताना फक्त मातीतून जाणारा वाटा.

क्षेत्रफळ पाऊणपट वाढलं, रोध चौथाईनेच उतरला

आता एक उदाहरण मांडू. जुनं यार्ड १०० बाय ८० मीटर. जाळीची चौकट ५ मीटरची, म्हणजे एकूण सळई जवळपास ३,३८० मीटर. मातीची रोधकता १०० ओहम-मीटर. ढोबळ सूत्राने मॅटचा रोध ०.५३ ओहम निघतो. मातीतून जाणारा प्रवाह तेव्हाच्या हिशोबाने ६ किलोअँपिअर होता असं धरू. यार्ड उचललं जाणार सुमारे ३,१५० व्होल्टने.

वीस वर्षांनी यार्ड १०० बाय १४० मीटर झालं. जमीन पाऊणपटीने वाढली, सळई ५,८४० मीटर झाली. रोध किती? ०.३९ ओहम. फक्त चौथाईने कमी. कारण रोध क्षेत्रफळाच्या नव्हे, तर त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो. तेवढ्या काळात ग्रिड वाढलं, जवळपास नवी केंद्रं आली, आणि मातीतला वाटा १० किलोअँपिअर झाला. गुणाकार करा: सुमारे ३,९०० व्होल्ट. मॅट मोठी होऊनही यार्ड आधीपेक्षा जास्त उचललं जातंय, आणि हे जुन्या भागालाही लागू आहे, जिथे आपण एक सळईसुद्धा बदललेली नाही.

‘एक ओहमच्या आत आलं की झालं’ या समजुतीचं इथेच दिवाळं वाजतं. दोन्ही वेळा आकडा एक ओहमच्या आतच आहे. टेस्ट रिपोर्टवर दोन्ही वेळा ‘समाधानकारक’ लिहिलं जाईल. एक ओहम गुणिले १० किलोअँपिअर म्हणजे १० हजार व्होल्ट, हे त्या रिपोर्टवर कुठेच येत नाही.

पण थांबा, ३,९०० व्होल्ट म्हणजे आत उभा असलेला ऑपरेटर मेलाच का? नाही. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, त्याच कारणाने. सगळंच सोबत वर गेलं तर फरक उरत नाही, आणि मारतो तो फरक. ऑपरेटरचा हात स्ट्रक्चरवर आहे, म्हणजे मॅटच्या व्होल्टेजवर. पाय खडीवर आहेत, दोन सळयांच्या मधोमध, जिथे जमिनीचं व्होल्टेज मॅटपेक्षा थोडं कमी असतं. हा हात-पायांतला फरक म्हणजे टच व्होल्टेज. एक मीटरवर पडलेल्या दोन पावलांतला फरक म्हणजे स्टेप व्होल्टेज, म्हशीवाला. जाळीचं काम यार्डाला शून्यावर ठेवणं नाही, ते जमतच नाही. तिचं काम आहे सगळं यार्ड एकसारखं वर न्यायचं, पाण्यावरच्या तराफ्यासारखं.

आणि हा तराफा कडांना, त्यातही कोपऱ्यांत, सर्वांत जास्त कलतो. मधल्या चौकटींत जमीन मॅटच्या बरोबरीने चढते, कोपऱ्यातल्या चौकटीत मागे राहते. म्हणून कडेला जाळी दाट करतात, कोपऱ्यात खोल रॉड ठोकतात. विस्तारात जुनी एक कड आतली होते, तिची चिंता मिटते. नवे कोपरे तयार होतात. जागा वेडीवाकडी मिळाली आणि यार्ड इंग्रजी ‘एल’च्या आकाराचं झालं तर हातगणिताची सूत्रं फार ताणू नयेत, संगणकावर प्रत्यक्ष आकार मांडून बघावा.

माणूस किती सोसतो

माणसाच्या सोसण्याच्या मर्यादेचा आकडा कुठून आला, ते थोडक्यात. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. विजेच्या धक्क्याने हृदय कधी फडफडू लागतं यावर त्यांनी आयुष्य घालवलं. गळती ओळखून क्षणात वीज तोडणारं, अमेरिकी घरांतलं उपकरणही त्यांचंच, १९६१ सालचं. त्यांच्या कामावरून असं धरतात की ५० किलो वजनाचा माणूस सोसू शकेल तो प्रवाह म्हणजे ०.११६ भागिले सेकंदांचं वर्गमूळ. अर्धा सेकंद धरला तर ०.१६४ अँपिअर. शरीराचा रोध सरसकट १,००० ओहम. यार्डांच्या अर्थिंगसाठी जगभर वापरलं जाणारं आयईईई ८० हे मार्गदर्शक याच पायावर उभं आहे.

आता खडीकडे या. उघड्या मातीवर, आपल्या १०० ओहम-मीटरच्या, अर्ध्या सेकंदासाठी सोसवेल असं टच व्होल्टेज जेमतेम १९० व्होल्ट येतं. तिथेच दहा सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर टाका. ओली खडीसुद्धा ३,००० ओहम-मीटर धरतात. मर्यादा ६८० व्होल्टवर जाते. स्टेप व्होल्टेजची मर्यादा २६० वरून २,२०० च्या वर. जमिनीखाली एक रुपयाचं लोखंड न वाढवता साडेतीनपट सुरक्षितता मिळाली, चार इंच खडीने. म्हशीच्या पायातल्या चपलेची थट्टा आठवा. खडी ही यार्डाची चप्पल आहे.

म्हणून विस्ताराच्या कामात केबल ट्रेंचसाठी जेसीबी यार्डात शिरतो आणि खडी-माती एकत्र कालवून परत लोटतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. बाहेरून सगळं जसंच्या तसं दिसतं. पण चिखलात रुतलेली खडी खडीचं काम करत नाही. खडी चाळून वेगळी काढायची, खाली माती घट्ट दाबायची, वर नवा थर टाकायचा. हे काम निविदेत वेगळं लिहिलेलं नसेल तर होत नाही. ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला त्याचे पैसेच धरलेले नसतात.

दख्खनची माती सरळ नाही

मातीची रोधकता मोजायची पद्धत साधी आहे. चार खुंट्या एका रेषेत, सारख्या अंतरावर. बाहेरच्या दोघींतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघींत व्होल्टेज मोजायचं. खुंट्यांतलं अंतर १० मीटर आणि मीटरवर १.६ ओहम आला तर ६.२८ गुणिले १० गुणिले १.६, म्हणजे सुमारे १०० ओहम-मीटर. अंतर वाढवलं की प्रवाह खोलवर जातो आणि खालच्या थरांची माहिती मिळते. म्हणून दोन मीटरवर एकदा मोजून खुंट्या उपटून निघून येणं म्हणजे विहिरीत डोकावून परत येणं.

आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण मराठवाडा-विदर्भात वर काळी माती, मध्ये मुरूम आणि खाली काळा पाषाण. काळी माती ओली असताना प्रवाहाला छान वाट देते, पाषाण अजिबात देत नाही. अशा जागी खोल रॉड ठोकून हाती काही लागत नाही. त्यांची टोकं खडकात जातात. तिथे आडवी जाळी पसरवणंच बरं. उलट वर कोरडा मुरूम आणि खाली ओल असेल तर रॉडइतका स्वस्त उपाय नाही. कोकणातल्या जांभ्यात दोन्ही अवघड, तिथे कधी दूरच्या ओलसर जागी वेगळी मॅट टाकून ती जोडून घेतात.

विस्ताराच्या वेळी मोजताना एक खास फसगत होते. लोक चालू यार्डाच्या आत किंवा कुंपणाला लागून खुंट्या ठोकतात. खाली जुनी मॅट आहे, शेजारी पाण्याचा लोखंडी पाइप आहे. प्रवाह त्या लोखंडातून पळतो आणि माती आहे त्यापेक्षा कितीतरी चांगली दिसते. मोजमाप मोकळ्या जागेत, दोन-तीन दिशांनी करावं. आणि मे महिन्यात करावं. ऑगस्टमध्ये काळ्या मातीचा आकडा पाहून कुणालाही आनंद होईल. त्याच मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात.

या ओघात मीठ-कोळशाच्या खड्ड्यांबद्दल. न्यूट्रलसाठी आणि लाइटनिंग अरेस्टरसाठी (आकाशातली वीज जमिनीकडे वळवणारं उपकरण) वेगळे रॉड आणि खड्डे असतात, ते ठीक. न्यूट्रलला दोन वेगवेगळ्या जोडण्या हव्यात, हा आपल्याकडचा जुना नियम आहे आणि शहाणा आहे. पण मॅट कमी पडतेय म्हणून यार्डात वीस ‘केमिकल अर्थिंग’ टोचणं मला पटत नाही. क्षेत्रफळ तेच राहिलं तर एकमेकांच्या सावलीत उभे असलेले हे रॉड रोध नावापुरताच उतरवतात. आणि मीठ लोखंड खातं, हे वेगळं सांगायला नको.

जुनं लोखंड

परदेशात मॅट बहुधा तांब्याची. आपल्याकडे पोलादाची, बऱ्याचदा ४० मिलिमीटरची सळई. तांबं महाग, चोरीला जातं, आणि शेजारच्या लोखंडी पायांना, पाइपांना गंजवतं. हा शेवटचा मुद्दा विस्तारात उफाळून येतो. नव्या भागात कुणी तांब्याची मॅट सुचवतं, ती जुन्या पोलादी मॅटला जोडली जाते, आणि ओल्या मातीत त्या दोन धातूंची बॅटरी तयार होते. झिजतं ते पोलाद, म्हणजे नेमका जुना, आधीच गंजलेला भाग. मुंबईसारख्या ठिकाणी जागाच नाही म्हणून गॅस इन्सुलेटेड स्विचगिअर, म्हणजे गॅस भरलेल्या बंद नळ्यांतली आटोपशीर यंत्रणा, येतो. त्यासोबत तांब्याचा आग्रह आणि लहानशी जागा, दोन्ही येतात. तेव्हा सांधे कुठे आणि कसे, याचा विचार आधी करावा.

जाडीचा हिशोब आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकातून घेतात: एका सेकंदासाठी पोलादाच्या दर चौरस मिलिमीटरला साधारण ८० अँपिअर. ५० बाय ६ ची पट्टी म्हणजे ३०० चौरस मिलिमीटर, म्हणजे २४ किलोअँपिअर. जुन्या यार्डात ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी अशी एकुलती पट्टी असेल आणि आता फॉल्ट ४० किलोअँपिअरचा असेल, तर तिला ५०० चौरस मिलिमीटर हवेत. शिवाय ती पट्टी तीस वर्षं मातीत होती. दोन्ही अंगांनी एकेक मिलिमीटर गंज गेला असं धरलं तर उरले ४८ बाय ४, १९२ चौरस मिलिमीटर. जेमतेम १५ किलोअँपिअर. मातीखालची सळई चारी दिशांना प्रवाह वाटून घेते, त्यामुळे ती सहसा टिकते. धोका असतो रायझरमध्ये, आणि रायझरच्याही त्या वीतभर तुकड्यात, जो माती आणि हवेच्या सीमेवर असतो. गंज तिथेच सर्वांत जोरात चालतो. जुन्या यार्डात पाच-सहा ठिकाणी खणून प्रत्यक्ष डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. ड्रॉइंगवर जाळी शाबूत असते, नेहमीच.

कुंपण, गेट आणि बाहेरून आलेली वायर

यार्डात येणारा माणूस प्रशिक्षित असतो, पायात बूट असतात. कुंपणाला टेकून बिडी ओढणाऱ्याच्या पायात काहीही नसतं. म्हणून कुंपण मॅटला जोडलेलं असेल तर मॅटची शेवटची सळई कुंपणाच्या बाहेर साधारण एक मीटरवर नेतात, म्हणजे हात लावणाऱ्याच्या पायाखालीही जमीन वर उचललेली असेल. विस्तारात कुंपण सरकतं आणि ही बाहेरची सळई विसरली जाते, कारण ती ‘हद्दीबाहेर’ असते आणि शेजारचा शेतकरी खणू देत नाही. गेट बाहेर उघडणारं असेल तर ते पूर्ण उघडल्यावर माणूस कुठे उभा असतो, तिथवर सळई हवी. गेट आत उघडणारं केलं तर हा प्रश्नच मिटतो. इतकं सोपं, आणि किती कमी वेळा सुचतं!

सर्वांत कपटी धोका मात्र लांबून येतो किंवा लांब जातो. यार्डाच्या मॅटला टेकलेला पाण्याचा पाइप गावात जात असेल, तर फॉल्टच्या वेळी यार्डाचे ते हजारो व्होल्ट नळापर्यंत पोहोचू शकतात. कॉलनीतल्या क्वार्टर्सना यार्डातूनच वीज दिली असेल तर न्यूट्रल हीच वाट. आणि उलटंही होतं. बांधकामासाठी ठेकेदार गावच्या फीडरवरून तात्पुरतं कनेक्शन आणतो. त्याच्या वायरीतला अर्थ बाहेरच्या, शून्यावरच्या जमिनीला जोडलेला असतो. त्या वायरीवर चालणारं ड्रिल एका हातात, दुसरा हात यार्डाच्या स्ट्रक्चरवर, आणि त्याच क्षणी लाइनवर फॉल्ट. इथे टच व्होल्टेज उताराचा एखादा तुकडा नसतो, पुरे ३,९०० व्होल्ट असतात. खडी इथे काहीच करू शकत नाही. बांधकामाची वीज यार्डातल्याच ट्रान्सफॉर्मरवरून द्यावी किंवा दोन्ही बाजूंत थेट जोड नसलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा, ही अट करारात पहिल्या पानावर असायला हवी.

खरं तर सबस्टेशनच्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे महिने हेच, विस्तार चालू असतानाचे. जुना भाग चार्ज आहे. खडी निघालीय. जुनं कुंपण पाडलंय, नवं उभं नाही. जेसीबीने एखादी सळई तोडली तर ती वर ओढून बाजूला टाकली जाते, ‘नंतर वेल्ड करू’ म्हणून. माझ्या मते क्रम असा ठेवावा: आधी नव्या जागेची मॅट पूर्ण पसरायची, जुन्या मॅटच्या संपूर्ण कडेला ठिकठिकाणी वेल्ड करायची, आणि मगच वर लोखंड उभारायचं. दोन-चार सांध्यांवर भागवलं तर एखादा सांधा गेल्यावर उरलेल्यांवर सगळा भार येतो, आणि दोन भागांच्या सीमेवर फरक तयार होतो. सीमेजवळ चार मीटरचा पट्टा आधीच खडीने झाकून घ्यावा, कारण चालू आणि नव्या भागांत मजुरांची ये-जा तिथूनच होते. ढग गडगडायला लागले की काम थांबवायचं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, पण थांबवायला लागतो.

शेवटी मोजमाप. मॅटचा रोध मोजायला दूरवर एक खुंटी ठोकून प्रवाह सोडावा लागतो, आणि ‘दूर’ म्हणजे मॅटच्या कर्णाच्या किमान पाचपट. आपल्या १०० बाय १४० च्या यार्डाचा कर्ण १७२ मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण-एक किलोमीटर वायर ओढायची. शहरात ते शक्यच नसतं, मग लोक पन्नास मीटरवर मोजून मोकळे होतात. हा आकडा चुकीचा असतो, आणि बहुधा खुशीच्या बाजूने चुकतो. अर्थ वायर जोडलेल्या ठेवून मोजलं तर आणखी गोड आकडा येतो, कारण तेव्हा आपण मनोऱ्यांच्या रांगांचा रोधही सोबत मोजत असतो. यापेक्षा बंद असलेल्या एखाद्या लाइनमधून, ग्रिडच्या ५० हर्ट्झच्या थोड्या बाजूच्या फ्रीक्वेन्सीचा प्रवाह सोडून, यार्डात आणि कुंपणापाशी फिरत प्रत्यक्ष टच व्होल्टेज मोजणं खर्चिक असलं तरी खरं. मोजताना कोपरे, गेट आणि जुन्या-नव्या भागाची सीमा, या जागा सोडू नयेत.

आणि खडी टाकण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो, टेपने मोजलेल्या अंतरासह. जुन्या मॅटला नवी कुठे-कुठे जोडली, तोडलेली सळई कुठे परत वेल्ड केली, तांबं कुठे संपतं आणि पोलाद कुठे सुरू होतं. दहा-पंधरा वर्षांनी पुढचा ट्रान्सफॉर्मर येईल तेव्हा कुणीतरी हे ड्रॉइंग शोधत स्टोअररूममध्ये उभं असेल. मी उभा राहिलो होतो. कपाटात मॅटची तीन ड्रॉइंग सापडली, तिन्ही वेगळी, आणि खणल्यावर निघालं ते चौथंच.